श्वासाच्या खुणा

बाबा गेल्यावर फिरत्या जॅझ बँडमधली त्यांची ट्रम्पेटची खुर्ची मला मिळाली, आणि खुर्चीसोबत त्यांची नोटेशनची वही. आजही आम्ही कुठल्याही गावी गेलो तरी हॉल तुडुंब भरतो, म्हातारेकोतारे खुर्च्या सरकवून नाचतात. "शेवटच्या दिवसापर्यंत वाजवत होते," असं आई अजून सगळ्यांना अभिमानानं सांगते.

वहीत जिथं श्वास घ्यायचा, तिथं बाबांनी पेन्सिलनं खूण केलेली. आधीच्या, पुसट झालेल्या खुणा ओळीला एक. मधेमधे नंतरच्या गडद खुणा, तीन-तीन, चार-चार. शेवटच्या गाण्यात तर दर दोन सुरांनंतर खूण, आणि मग एकदम एकही नाही. तिथं दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात लिहिलं होतं, "इथून पुढे दोघांचं मी सांभाळतो. तू नुसता तोंडाला लावून बस."

बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर पंचवीस वर्षं ट्रम्पेट वाजवत बसलेले काका माझ्याही शेजारीच होते. मी त्यांना विचारलं, "किती दिवस सांभाळलंत?"

"दोन वर्षं. बँडमास्तरला कळलं असतं, तर पुढच्याच गावी बसमधून उतरवलं असतं त्याला. घरी जाऊन काय, खाटेवर पडून राहिला असता."

पडद्यापलीकडे लोक जागा धरत होते. काकांनी खोकला कसाबसा आवरला आणि स्वतःची वही माझ्यापुढे उघडली. अख्खं पान खुणांनी भरलं होतं.

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

"आता तू लिही, पोरी. अक्षर बारीक काढ. मास्तरला दिसायला नको."