वामनरावांची जुनी नजर

पुराच्या नकाशावर पाण्याखाली जाणारे रस्ते तांबडे होते आणि सुरक्षित रस्ते हिरवे.

"वेगळे दिसतात ना काका?" तृप्तीने विचारलं.

"दिसतात," वामनराव म्हणाले.

"मग पास. तुम्हाला दिसलं की सगळ्यांना दिसलं."

रंगांधळेपणावर डोळ्यांत घालायचं औषध निघून पंधरा वर्षं झाली होती. शहरात वामनरावांखेरीज रंगांधळं कोणी उरलं नव्हतं. नदीकाठच्या पाड्यांवर मात्र औषध पोहोचलंच नव्हतं. तिथल्या माणसांसाठी प्रत्येक नकाशा वामनराव तपासत. स्वतः औषध घ्यायचं नाही, याच अटीवर त्यांची नोकरी होती.

गेल्या महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न झालं. तिचा हिरवा शालू एकदा तरी हिरवा दिसावा म्हणून त्यांनी गुपचूप औषध घेतलं. जुनी नजर आपल्याला आठवेल, त्यावरून नकाशे तपासता येतील, असं त्यांना वाटलं होतं. ती आठवत नव्हती.

"तृप्ती, नापास कर."

"अहो, आत्ताच म्हणालात ना, दिसतात?"

"म्हणूनच."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तृप्तीने घड्याळाकडे पाहिलं.

"या महिन्यात पास केलेले नकाशे पाड्यांवर लागलेत, काका. धरणाचे दरवाजे चारला उघडतायत."

तीन वाजून गेले होते. वामनरावांनी पहिल्या पाड्याला फोन लावला.

"ताई, नकाशा बघू नका. शाळेच्या मागून टेकडीवर जाणारी वाट धरा. सगळ्यांना सांगा. आणि मला परत म्हणून दाखवा."