ताठ बसायचं सुख

माझे सख्खे काका झुलालआबा यांनी शेतरस्त्यावर काटेरी तार ओढली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. गाडी आत येत नाही, माझी केळी मजुरांच्या डोक्यावरून बाहेर काढावी लागते. त्यांचं थोबाड दिसू नये म्हणून वर्षभर रोज सकाळी त्यांच्या ओट्यासमोरून रेसिंग सायकलवर वाकून, मुंडी खाली घालून जायचो.

शेवटी कंबर धरली. उंच हँडलची साधी सायकल घेतली आणि आज पहिल्यांदा ताठ बसून, आरामात, त्यांच्याकडे बघत गेलो.

दुपारी काकू दारात आल्या. "कुंदन, ह्यांना वाटे, पोरगं रोज वाकून नमस्कार करतं. विरघळले व्हते. कालच तार काढायला माणूस सांगितला व्हता."

काकूंनी दारातल्या नव्या सायकलकडे बघितलं.

"आज तू छाती काढून गेला. आता त्याच माणसाकडून दुसरी तार मारून घेताहेत."