एकोणचाळीस सालचा दस्ता

"बाबा, या बंदुकीत आता पणजोबांचं काय उरलंय?" मैत्रिणींनी विचारून दाखवायची पैज लावली, म्हणून इल्ताने विचारूनच टाकलं. अठरावं लागलं की बंदूक तिलाच मिळणार होती.

"वेडाबाई, आता कुठे ती अस्सल झालीय. एकूणएक भाग एकोणीसशे एकोणचाळीस सालचा, शोधशोधून बसवलाय," बाबा नव्याने बसवलेला लाकडी दस्ता पुसत म्हणाले.

"आणि जुना दस्ता?"

"तो कारखान्याचा नव्हताच. त्याच सालच्या युद्धात रशियाशी लढताना मूळचा फुटला, तेव्हा पणजोबांनी खंदकात बसून बर्च झाडाच्या ओंडक्यातून कोरलेला. नुसता ओबडधोबड."

"कुठेय तो?"

"शनिवारी आपण वाफेच्या आंघोळीला बसलो ना, तेव्हा सौनाच्या भट्टीत घातला," आई म्हणाली. "वाफ मात्र झकास झाली हं."



इल्ता शांतपणे म्हणाली, "आई, बाबा, ही बंदूक मला नको. माझ्या वाट्याचे पणजोबा मी शनिवारीच सौनात शेकून घेतले."