भिंतीवरचा पुरावा

“आजोबा, गिरणीत काम केल्याचा पुरावा आणा, मगच गिरणी कामगारांच्या घराचा अर्ज पुढे सरकेल,” असं कारकुनाने बजावलं आणि कोंडीरामांचा चेहरा उतरला. त्यांची सगळी कागदपत्रं कधीच वाळवीच्या मुखी पडली होती.

गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी सून संध्याकाळी आनंदाने सांगत आली, “बाबा, तिथल्या लॉबीत शोभेला भिंतभर जुना फोटो लावलाय. मागावर तुम्हीच उभे, अन् पाठीमागे गिरणीचं नाव!”

कोंडीराम तडक तिथे पोहोचले. काचेआडच्या आपल्याच तरुण चेहऱ्यासमोर त्यांनी मोबाइल धरला, तोच रखवालदार आडवा आला.

 

“काका, इथे फोटो फक्त रहिवाशांनाच काढता येतो. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?”