चार बोटांवरचं दुपटं

डावा हात समोर धरा, बाळांनो. अंगठा आत मिटा आणि असं समजा, की उरलेल्या चार बोटांत लोकरीचे फासे अडकले आहेत. हात झटकायचा नाही. फासे निसटले, तर विणलेलं सगळं उसवेल. आता तो हात तसाच धरून शहापुरातल्या एका विणकराच्या सोप्यात या. आतल्या खोलीचं दार बंद आहे.

यल्लू त्या दारासमोर अशीच बसली होती. आठ वर्षांची. दाराआड तिची आई सकाळपासून कण्हत होती आणि आता उन्हं कलली होती. तिचा बाप परशराम मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. हातात धोटा होता, पण माग बंद होता.

"पुढून, मागून, पुढून, मागून," शेजारच्या नागुबाई हळूच म्हणाल्या. त्या लष्कराच्या कॅम्पात एका साहेबाच्या घरी आया म्हणून कामाला होत्या. तिथला टाकून दिलेला स्वेटर उसवून त्यांनीच यल्लूला लोकर दिली होती. "येताना उलटं. आता खालचा फासा वरच्यावरनं उचल, बोटामागं टाक. आवळू नकोस गं! बोटं बघ, जांभळी झाल्यात. तुझा बा मागावर बसून काय करंना, निदान तू तरी नीट इण."

परशराम हसला नाही.

यल्लूच्या पायाशी विणलेल्या पट्टीची वेटोळी पडली होती. चांगली दहा हात. तिच्या घड्या शेजारी शेजारी शिवल्या, की दुपटं होणार होतं.

दार उघडलं. आजी बायाक्का गरम पाणी न्यायला बाहेर आली आणि पट्टी बघून थांबली.

"हे कुणाला?"

"बाळाला."

"अगं भवाने! पोर यायच्या आधी त्याचं कापड करत्यात व्हय? गेल्या खेपेला कुंची शिवून ठेवलती. काय झालं, ठावं न्हाय तुला?"

यल्लूला ठाऊक होतं. ती कुंची अजून ट्रंकेत कोरीच होती.

"ह्यात कापड कुठाय बायाक्का?" नागुबाई मध्ये पडल्या. "गाठ मारंस्तवर ही नुसती लोकर. वडली की मोकळी. पोर रडलं, की मारंल ती गाठ."

"तवर हात लावू नगंस गाठीला," यल्लूला बजावून बायाक्का पाणी घेऊन आत गेली. कडी लागली.

यल्लूनं डावा हात उजव्या हातानं तोलून धरला.

मग आई एकदाच मोठ्यानं ओरडली. त्यानंतर काहीच ऐकू येईना. नुसत्या थापट्या, आणि आतल्या सुईणीचा आवाज, "रड की रं, लेकरा. रड."

परशराम उठला. धोटा खड्ड्यात पडला.

"मी गाठ मारली न्हाय," यल्लू म्हणाली.

"न्हाईच मारलीस, बाई."

"पर इणलंय तर खरं."



यल्लूनं करंगळी फाशातून काढली. मग दुसरं बोट, तिसरं, चौथं. लोकरीचा दोरा धरून तिनं ओढला. पट्टी सरसरत उसवू लागली. नागुबाईंनी अडवायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. यल्लू ओढत राहिली, शेवटचा फासा सुटेपर्यंत. तिच्या मांडीवर नुसती कुरळी लोकर उरली.

दाराआड अजून थापट्या चालू होत्या. एक. आणखी एक.

मग उचकीसारखं काही आलं. मग रडणं, चांगलं खणखणीत.

परशरामनं वाकून खड्ड्यातला धोटा उचलला.

"पोरगी हाय, परशा! आईबी बरी हाय!" बायाक्कानं दार किलकिलं केलं. "जुनं धोतर दे आत. आन यल्ले, तुझं ते दुपटंबी आण की गं, थंडी हाय. आता मार खुशाल गाठ!"

नागुबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, यल्लूनं बघितलं नाही. तिनं लोकरीचं टोक शोधलं. बोटांवर फाशांचे लाल वळ अजून होते. तिनं डावा हात समोर धरला, अंगठा आत मिटला आणि पहिला वेढा घेतला. पुढून, मागून, पुढून, मागून.