अर्धा सेंटिमीटर

"हाळू चालाडा ना, पोरले धक्का लागी," मागून ताईबाई म्हणाली.

वनाने पिकअपचा वेग आणखी कमी केला. एरंडोल ते जळगाव या रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ होता. केळीचा माल नेताना घड काळा पडू नये म्हणून तो जपून चालवायचा. आज त्याच्या दसपट जपत होता. मागे केळीच्या वाळक्या पानांवर गादी टाकली होती, गादीवर दिपमाला आडवी होती आणि तिचं डोकं आईच्या, ताईबाईच्या मांडीवर होतं.

"हालाडू नको तिले," वना म्हणाला. "आडवीच ऱ्हाऊ दे."

गेल्या वर्षी पोलीस भरतीला जाताना गर्दीच्या बसमध्ये ती अख्खा रस्ता उभ्याने गेली, तिथेच घात झाला. भरतीत मुलींना एकशे पंचावन्न सेंटिमीटर उंची लागते. हिलाल हवालदाराने तिला खांबाला पाठ लावून उभं केलं, डोक्यावर पट्टी टेकवली आणि आकडा वाचला. एकशे साडेचोपन्न.

वनाने हात जोडले. "साहेब, आठशे मीटरले पहिली येस पोर. अर्ध्या सेंटिमीटरनं काय चोर पळी जास का?"

"भाऊ, नियम मी केला नाही," हिलाल म्हणाला. पण माणूस कनवाळू होता. त्याने वनाला बाजूला घेतलं. "रात्रभर पाठ टेकली की माणूस सकाळी जरा लांब भरतो. उभं राहिलं की आखडतो. पुढच्या वेळी झोपवूनच आणा तिला."

दिपमाला रडली नाही. घरी येऊन तिने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने दोन रेघा मारल्या, एक आपली आणि एक खात्याची. वर्षभर अख्खं घर त्या दोन रेघांमधल्या फटीत राहिलं. ती निंबाच्या फांदीला लोंबकळायची आणि वना खालून तिचे पाय धरून ओढायचा. गल्लीतले चिडवायचे, "वना, पोरले युरिया टाकस का रे?" ती हसायची. रोज पहाटे मात्र न चुकता हायवेला पळायला जायची. वना म्हणायचा, शाळेच्या मैदानात पळ. "मैदान एवढंसं शे, आबा," ती म्हणायची, "रस्ता लांब शे."

पोरीच्या अंगावर खाकी पाहायची, यापलीकडे वनाने देवाकडे काही मागितलं नव्हतं. त्याचा सगळा जीव त्या अर्ध्या सेंटिमीटरमध्ये अडकला होता.

"एक पाय उघडा शे तिना," ताईबाई मागच्या खिडकीतून म्हणाली.

"बूट मनाजोडे शे. तठे घालसूत."

बूट त्याच्या शेजारच्या सीटवर होता. मघाशी त्यानेच तो उचलून आणला होता आणि रुमालाने पुसून ठेवला होता.

शहराच्या तोंडाशी नाकाबंदी होती. एका पोलिसाने हात केला, गाडीच्या मागे डोकावला आणि समोरचा ट्रक थांबवून पिकअपला वाट करून दिली. खात्याच्या माणसाला कळतं, असं वनाला वाटलं. उद्या आपली पोरही अशीच चौकात उभी राहून कुणाला तरी वाट करून देणार होती.

पोचल्यावर दोघा जणांनी दिपमालाला आडवीच उचलून आत नेलं. बाहेरच्या लांब बाकावर बाकीच्यांच्या घरची माणसं बसली होती. ताईबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिने सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

अकराच्या सुमारास हातात कागद घेऊन हवालदार आला, तो नेमका हिलाल. वना तटकन उठला.

"साहेब, वळखं का? एरंडोलनी दिपमाला. अर्धा सेंटिमीटर."

हिलालने त्याच्याकडे पाहिलं, मग आत पाहिलं. हातातला कागद त्याने घडी करून खिशात घातला.

"झोपाडीसन आनी, साहेब. तुम्ही सांगेल व्हतं तशी. आते मोजा."

"भाऊ, तुम्ही बाहेर बसा. मी करतो सगळं."

"नही. मना समोर मोजा."

आत खांब नव्हता. हिलालने खिशातून टेप काढली. टेपचं एक टोक वनाने स्वतः पोरीच्या उघड्या टाचेशी धरून ठेवलं, मागून कुणाला बोलायला जागा नको म्हणून. हिलालने एकदा मोजलं. मग थांबून पुन्हा मोजलं.

"कितली?"

"एकशे छप्पन."

"भरनी ना?"

"भरली, भाऊ." हिलाल टेप गुंडाळत म्हणाला.

वनाने काखेतला बूट काढून तिच्या उघड्या पायात घातला आणि नाडी नीट बांधली. मग दाराकडे वळून म्हणाला, "ऐकं का वं? भरनी आपली पोर."

ताईबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

हिलालने अपघाती मृत्यूच्या पंचनाम्यात उंचीपुढे एकशे छप्पन लिहिलं आणि पांढरी चादर पुन्हा दिपमालाच्या तोंडावर ओढली.