उपग्रहाला दिसलेला टँकर

पाण्याच्या सरकारी टँकरचा ठेका दूध सोसायटीच्या चेअरमनकडं. पाणी त्याच्या डाळिंबाला जायचं. शिरूर कासारकडच्या आमच्या वस्तीवर त्याचा माणूस टँकरचा जीपीएसचा डबा मोटारसायकलला अडकवून यायचा अन् कोरड्या विहिरीला चक्कर मारून जायचा; तहसीलात टँकरची खेप लागायची. एक दिवस चंद्रभागाबाईनं डबा हिसकावून लिंबाला टांगला.

"आता पळव की रं तुझा टँकर!"

तिसऱ्या दिवशी पोलीस घेऊन तहसीलचे साहेब आले, मोबाईलवरचा नकाशा नाचवत. "बाई, टँकर तीन दिवस तुम्हीच अडवून ठेवलाय."

"डबा हाय तो, साहेब. टँकर आलाच न्हाई."

"चंद्रावर यान उतरवलंय आपण. उपग्रह खोटं बोलेल का?"

पोलिसांनी तिच्या घराची झडती घेतली. अर्धी घागर पाणी सापडलं. ऊन लई होतं. त्यांनी ते पिऊन टाकलं.